चार बोटं आत

धुराच्या नळीचं तोंड भिंतीपासून चार बोटं आत संपत होतं. कुसुमने आधी नुसतं डोळ्यांनी पाहिलं, मग हाताची बोटं लावून पाहिलं आणि शेवटी नमुन्यांच्या पेटीतली पोलादी पट्टी लावून खात्री करून घेतली. नळी हीटरमधून वर निघाली होती, काटकोनात वळली होती आणि केबिनच्या लाकडी भिंतीकडे नीट सरळ गेली होती. भिंतीला तिच्यासाठी भोकही पाडलेलं होतं. पण बाहेर पडायचा बेत ऐनवेळी रद्द व्हावा तशी ती भिंतीच्या अलीकडेच थांबली होती. शिवाय बाहेरच्या बाजूने भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला होता, त्यावर पांढरा रंग दिला होता आणि तो इतका नेटका दिला होता की इथे कधी भोक होतं हे बाहेरून कुणालाही कळलं नसतं.

हीटर रॉकेलवर चालणारा होता. तो लाँच क्रमांक दोनच्या केबिनमध्ये होता आणि लाँच नाशिकजवळच्या एका धरणाच्या पाण्यावर होती. लाँच क्रमांक एक कधीच नव्हती. तिची मागणी नामंजूर झाली, तेव्हा तीच मागणी नवा क्रमांक घालून पुन्हा पाठवली आणि ती मंजूर झाली. पाठीवरचा भलामोठा ‘२’ पाहून पाहुण्यांना वाटे, पहिली कुठेतरी कामावर गेली असेल. खात्याने हा समज दुरुस्त केला नाही.

कुसुम या खात्याच्या पाणी तपासणी उपविभागात वैज्ञानिक सहायक होती. रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवून ती इथे लागली त्याला काही वर्षं झाली होती, पण ती अजून तात्पुरती होती. दर मंगळवारी ती लाँचने जलाशयाच्या मध्यावर जाई, बाटल्यांत पाणी भरी आणि परत येई. बाटल्यांची पेटी उचलायला भागीबाई ही शिपाई असे आणि लाँच सहादू चालवी. केबिनच्या दारावर पाटी होती, ‘वर्ग तीन व त्यावरील कर्मचाऱ्यांसाठी’. भागीबाई आणि सहादू वर्ग चारमध्ये मोडत. ते दोघं मागच्या उघड्या भागात वाऱ्यात बसत.

हीटरचा इतिहास साधा होता. एका डिसेंबरात मुंबईहून एक फार मोठे साहेब पाहणीला आले. अंगात बुशशर्ट. पाण्यावर गेल्यावर ते म्हणाले, “बराच गारठा आहे हो तुमच्याकडे.” हे वाक्य इतिवृत्तात नोंदवलं गेलं आणि नोंदवलेल्या वाक्यावर कार्यवाही करावीच लागते. हीटर एप्रिलमध्ये आला. मे महिन्यात तो चालवून पाहण्यात आला आणि केबिन समाधानकारकरीत्या गरम होते असा अहवाल वर गेला.

पुढच्या थंडीत तेच साहेब पुन्हा येणार असं कळलं. लाँचला बगळ्यासारखा पांढरा रंग दिला. रंग वाळेपर्यंत नळीने त्यावर काळा ओघळ सोडला, तो नेमका खात्याच्या बोधचिन्हावर. पुन्हा रंग दिला, पुन्हा ओघळ आला. तेव्हा उपअभियंता दिवाकर पाराशरे यांनी लाँचवर धूर दिसता कामा नये, असा आदेश दिला. सहादूने करवत घेतली आणि आदेशाची अक्षरशः अंमलबजावणी केली. उरलेल्या भोकातून वारा येऊ लागला, म्हणून ते बुजवलं. साहेबांचा पाहणीचा फोटो उत्तम आला. शुभ्र लाँच, शुभ्र बोधचिन्ह, आणि नंतर कार्यकारी अभियंता गर्गे साहेबांच्या नावे एक कौतुकपत्र. पत्र आणि फोटो दोन्ही चौकटीत घालून गर्गे साहेबांच्या खुर्चीमागे लावलेले होते.

कुसुमला मंगळवारी परतताना डोकं दुखू लागलं तेव्हा तिला आधी वाटलं, ऊन लागतं. मग वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. ती शास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे सगळ्या शक्यता क्रमाने तपासून ती शेवटी नळीपाशी पोचली. ती पाराशरेंकडे गेली.

“साहेब, ती नळी कापलेली आहे.”

पाराशरे हसतमुख गृहस्थ होते. कसलीही आपत्ती आली की आधी पेनाचं टोपण काढत आणि मग परत लावत. “कापली नाही बाई. आटोपती घेतली.”

“पण धूर आतच राहतो.”

“कुठे दिसतो? मी परवाच गेलो होतो. अगदी स्वच्छ.”

“जो दिसत नाही तोच वाईट, साहेब. रॉकेल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत माणूस त्याने मरतो.”

पाराशरेंनी टोपण लावलं. “टिपणी टाका,” ते म्हणाले.

कुसुमने टिपणी लिहिली. तिच्या टिपण्या उपविभागात नावाजलेल्या होत्या. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. वायू कसा तयार होतो, रक्तात शिरून प्राणवायूची जागा कशी बळकावतो, नळीची लांबी किती, भिंत किती दूर, सगळं तिने लिहिलं. शेवटी नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘योग्य त्या आदेशासाठी सविनय सादर.’

नळी लांब करावी, असं मात्र तिने लिहिलं नाही. तिच्या आधी या जागेवर असलेल्या गृहस्थांनी एकदा आपलं स्पष्ट मत लिहिलं होतं. ते आता सुरगाण्याच्या बाजूला पाऊस मोजत होते.

गर्गे साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ढुंढिराज गर्गे म्हणजे कचेरीतलं शेवटचं दार. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते आणि उरलेल्या दिवसांत आपल्या हातून काहीही घडू नये यासाठी ते अहोरात्र झटत होते.

“याला वास कसा असतो?” त्यांनी विचारलं.

“वास नसतो, साहेब.”

“रंग?”

“नाही.”

“चव?”

“नाही.”

“मग असतं काय?”

“परिणाम असतो.”

“काय परिणाम?”

“डोकं जड होतं. गुंगी येते. विचार सुचत नाहीत. समोर धोका दिसत असला तरी जागेवरून उठावंसं वाटत नाही. निर्णय घेता येत नाही.”

गर्गे साहेबांनी दाराच्या काचेतून बाहेर दिवाणखान्याएवढ्या हॉलमध्ये पाहिलं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. “हे तर आपल्या अख्ख्या कचेरीला होतं,” ते म्हणाले. “इथे कुठे आहे हीटर?”

कुसुमने टिपणीतल्या नळीच्या लांबीवर बोट ठेवलं.

“आणि मी लाँचवरून आलो की घरी म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलं. गाल लाल होतात.”

“तेही एक लक्षणच आहे, साहेब. पुस्तकात आहे.”

गर्गे साहेब थोडे दुखावले. त्यांनी टिपणी उलटीसुलटी करून पाहिली. “यात तुमचं मत दिसत नाही. काय करावं असं तुम्हाला वाटतं? एकदा ठरवून सांगा ना.”

“साहेब ठरवतील तसं.”

साहेब प्रसन्न झाले. “तुमची कायम होण्याची फाइल माझ्याकडे आली आहे,” ते म्हणाले. “तुमच्यासारखी माणसं टिकतात.”

टिपणी मात्र टिकली नाही. ती प्रवासाला निघाली. एक मुद्दा असा निघाला की हा उपविभाग पाण्याचा आहे. लाँचच्या खाली जे आहे ते आपलं, आत जे आहे ते हवेत मोडतं. म्हणून टिपणी हवेच्या खात्याकडे गेली. त्या खात्याने कळवलं की आम्ही शहरातील व कारखान्यांजवळील हवा पाहतो, जलाशयावरील हवा जलाशयाचा भाग समजण्यात यावी. टिपणी परत आली तोवर थंडी संपली होती आणि पुढची आली होती. दरम्यान हीटर नेमाने चालू होता. तो बंद ठेवला तर रॉकेलचा कोटा कमी होण्याची भीती होती. लाँच सुटली की हीटर पेटवायचा, असा सहादूला लेखी हुकूमच होता.

मग कुसुमने पुरावा द्यायचं ठरवलं. प्रयोगशाळेच्या कपाटात एका औषधाची छोटी बाटली होती. त्यात बुडवलेला कागद या वायूने काळा पडतो. तिने असा एक कागद केबिनमध्ये टांगला, परतताना तो काळा झाला होता, तो तिने पाराशरेंच्या टेबलावर ठेवला.

पाराशरेंनी तो चिमटीत धरला. “काजळी असेल.”

“काजळी पुसली जाते, साहेब. पुसून बघा.”

त्यांनी पुसून पाहिलं नाही. टोपण काढलं. “बाई, हे औषध पाण्यासाठी मंजूर आहे ना? तुम्ही ते हवेवर वापरलंत.”

त्याबद्दल तिला समज देण्यात आली. समजेची प्रत कायम होण्याच्या फाइलला लागली.

यानंतर कुसुमने आपल्यापुरता एक तोडगा काढला. मंगळवारी ती केबिनच्या दारात बसू लागली. एक पाय आत, एक पाय बाहेर, पाठ चौकटीला. त्यामुळे दार उघडं राही आणि वायू बाहेर जाई. वर्ग तीन म्हणून ती आतही होती आणि जीव वाचवायला बाहेरही होती. पाराशरेंनी एकदा ते पाहिलं.

“उंबऱ्यात बसू नये बाई, आपल्यात अशुभ मानतात. आत बसा नाहीतर बाहेर. दार उघडं ठेवून सरकारी ऊब वाया घालवू नका.”

“नमुन्यांवर लक्ष ठेवायला इथून बरं पडतं, साहेब,” कुसुम म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

अडचण भागीबाईची झाली. भागीबाई हरसूलकडची, कितीतरी वर्षं नाशकात राहिलेली, बोलण्यात फटकळ. तिचा खोकला दिवाळीला सुरू होई आणि शिमग्यापर्यंत टिके. केबिन रिकामी, आत ऊब, आणि दारात ताई बसलेली.

“ताई, जरा सरका ना. आत कोणी नाय. हात शेकून येते.”

“नको, भागीबाई. आतली हवा वाईट आहे.”

“वाईट हवा मला नका सांगू. घरी चूल हाय. रोज धूर खाते मी.”

“तो धूर दिसतो तरी. हा दिसत नाही.”

“दिसत नाय तर बरंच हाय की. डोळे चुरचुरायचे नाय.”

“ऐका माझं. नको.”

भागीबाई सहादूकडे वळून म्हणाली, “बघा सहादूदादा. सायब लोकांना चालती ती हवा. मलाच तेवढी बाधते.”

सहादूने सुकाणू धरल्या धरल्या मान हलवली. “पाटी लावलीय ना दारावर. ताई पाटीपरमाणं वागत्यात.”

कुसुमला समजावून सांगायचं होतं. पण समजावायचं म्हणजे हीटरमुळे साहेबांसकट सगळे मरू शकतात असं वर्ग चारला सांगायचं, आणि असं सांगायचं की नाही याबद्दल अजून आदेश नव्हते. तिने शाल नीट ओढून घ्यायला सांगितलं आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

गोष्ट कर्मचारी संघटनेपर्यंत गेली. संघटनेचा सचिव होता कारभारी नावाचा आवक-जावक लिपिक. त्याचा आवाज कुणालाही दुरून ऐकू येई आणि जवळून नकोसा होई. त्याने निवेदन दिलं. हीटर ही कल्याणकारी सोय आहे, ती वर्ग चारला नाकारली जाते, आणि वैज्ञानिक सहायक बाई स्वतः दारात बसून एका कष्टकरी भगिनीला अडवतात. निवेदन ठसठशीत होतं. ज्या कचेरीत वर्ग चारचा पाण्याचा माठ वेगळा होता, ती कचेरी हे निवेदन वाचून हळहळली. दोन दिवस कुणी कुसुमशी धड बोललं नाही. पाराशरेसुद्धा म्हणाले, “शिकलेल्या माणसांकडून ही अपेक्षा नव्हती.”

कुसुमकडून खुलासा मागवला. तिने लिहिलं, भागीबाईच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून अडवलं. गर्गे साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“म्हणजे भागीबाईच्या जिवाला धोका आहे म्हणून तिला बाहेर ठेवता. आणि आम्ही आत बसतो, ते?”

“मी टिपणी सादर केली होती, साहेब.”

“म्हणजे आम्हाला ठाऊक असून आम्ही बसलो, असं तुमचं म्हणणं?”

या प्रश्नाला कोणतंही उत्तर देणं घातक होतं. साहेबांनी तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य पाराशरे आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने कारभारी. कुसुम सचिव म्हणून बसणार होती, मत न देता. समितीने दोन गोष्टी ठरवायच्या होत्या, केबिनमध्ये वायू आहे काय, आणि वर्ग चारला आत घ्यावं काय.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या जानेवारीत समिती पाण्यावर गेली. सकाळी द्राक्षवाले वेली वाचवायला बागांतून धूर करत होते इतका गारठा होता. तपासणी शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून गर्गे साहेबांनी केबिनचं दार लावायला सांगितलं. खिडक्या आधीपासूनच स्क्रूने बंद होत्या, कारण त्या वाऱ्याने वाजत. कुसुम सवयीने दारात बसू लागली तेव्हा साहेब म्हणाले, “बाई, आज तरी आत या.” ती आत आली. दार लागलं. सहादू आणि भागीबाई मागे. जलाशयाच्या मध्यावर लाँच उभी करण्यात आली. भागीबाईने आडोशाला स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं.

आधी वास घेण्यात आला. गर्गे साहेबांनी ज्येष्ठतेनुसार पहिला घेतला.

“नाही,” ते म्हणाले.

पाराशरेंनी त्याच जागी उभं राहून घेतला. “नाही. साहेबांशी सहमत.”

कारभारी संघटनेचा माणूस होता. त्याने स्वतंत्र जागी घेतला. “नाही,” तो म्हणाला. “पण ऊब आहे, हे नोंदवा. इतकी वर्षं आमच्या लोकांना ही ऊब मिळाली नाही, हे नोंदवा.”

कुसुमने दोन्ही नोंदवलं. मग मागील सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय निघाला. मागील सभा झालेली नव्हती, त्यामुळे त्यावर बरीच चर्चा झाली. सचिवांचं, म्हणजे कुसुमचं, निवेदन सर्वांत शेवटी होतं. कुसुमच्या कानशिलात ठोके पडू लागले. तिने हिशेब केला, हीटर किती वेळ चालू आहे, केबिन केवढी, माणसं किती. हिशेब चांगला नव्हता. ती म्हणाली, “साहेब, माझा विषय जरा आधी घेतला तर?”

“क्रमाने,” गर्गे साहेब म्हणाले.

क्रमाने चाललं. कारभारी कष्टकऱ्यांच्या हक्कांवर बोलत होता, त्याची वाक्यं लांबत गेली आणि मध्येच कुठेतरी विरली. कुणाला वावगं वाटलं नाही. पाराशरेंनी पेनाचं टोपण काढलं आणि ते परत लावायला त्यांना जमेना. साहेबांची मान छातीवर आली. कुसुम समोरचं दार पाहत होती. दाराची मूठ हातभर अंतरावर होती. आपण उठलं पाहिजे, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि उठावंसं वाटत नव्हतं, आणि हे लक्षण पुस्तकात आहे हेही तिला आठवत होतं. अध्यक्षांच्या परवानगीशिवाय सभेतून उठता येत नाही, हेही आठवत होतं. यांतलं कुठलं कारण खरं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

बाहेर सहादूने काचेतून डोकावून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. “मीटिंग चाललीय,” तो भागीबाईला म्हणाला.

“चहा निवतोय,” भागीबाई म्हणाली. तिने दार वाजवलं. उत्तर आलं नाही. आत जायची तिला परवानगी नव्हती; पण चहा निवला की साहेब कसं बोलतात ते तिने अनेकदा ऐकलं होतं. दोन भीतींतली मोठी कोणती याचा तिने तिथल्या तिथे निकाल लावला आणि खांद्याने दार ढकललं.

वारा आत शिरला. कपबशा भागीबाईच्या हातातून सुटल्या. तिने आधी कुसुमला दंडाला धरून ओढलं, मग सहादूला हाक मारली, आणि दोघांनी मिळून समिती एकेक करून बाहेर काढली.

“बोट लागली वाटतं सायबांना,” भागीबाई त्यांची पाठ चोळत म्हणाली.

गर्गे साहेब कठड्यावरून वाकले आणि बोधचिन्हावर ओकले. कारभारी पाण्याकडे तोंड करून बसला होता; त्याचा आवाज अजून परतला नव्हता. बऱ्याच वेळाने साहेबांनी कुसुमला जवळ बोलावलं.

“लेखी नको. तोंडी सांगा. ते आहे ना तिथे?”

“आहे, साहेब.”

“खरंच मरतो माणूस?”

“मरतो.”

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. मग पाराशरेंना म्हणाले, “नळी बाहेर काढली तर?”

पाराशरेंचा चेहरा पांढरा होता, पण बुद्धी शाबूत होती. “मग ती आत होती असं होईल, साहेब. फोटोत तर सगळं स्वच्छ आहे. वरून कौतुकपत्रही आहे.”

“हीटर बंद ठेवला तर?”

“मग इतके दिवस चालू का होता, असं होईल.”

साहेबांनी जलाशयाकडे पाहिलं. त्यांची नजर फिरत फिरत भागीबाईवर आली. ती खाली बसून फुटलेल्या बशीचे तुकडे पदरात गोळा करत होती आणि खोकत होती. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं. यावेळी ते वायूचं नव्हतं.

“कारभारी, तुमची मागणी काय होती?”

कारभारी दचकला. “वर्ग चारला... केबिन...”

“मंजूर,” गर्गे साहेब म्हणाले. “पूर्णपणे मंजूर. केबिन यापुढे वर्ग चारसाठी राखीव. अधिकाऱ्यांनी उघड्यावर बसावं. जनतेच्या सेवकाला वारा लागलाच पाहिजे. अंमलबजावणी आत्तापासून.”

“आणि वर्ग तीन?” कारभारीने घाईने विचारलं. तो वर्ग तीनचा होता.

“वर्ग तीनला ऐच्छिक.”

कारभारीने आपली इच्छा ताबडतोब सांगितली. तो पाराशरेंच्या शेजारी कठड्याला टेकून बसला आणि जरा वेळाने म्हणाला, “संघटनेचा विजय आहे हा.” पाराशरेंनी खिशातलं पेन काढून दारावरच्या पाटीतला ‘तीन’ खोडला, तिथे ‘चार’ लिहिलं आणि ‘व त्यावरील’ या शब्दांवर एक सरळ रेघ मारली.

“सुकाणू सोडून मी कसा जाऊ?” सहादू म्हणाला.

“तुम्ही नका जाऊ. भागीबाई जातील,” साहेब म्हणाले. “जा भागीबाई. आज तुम्ही आमची फार सेवा केलीत.”

भागीबाई आधी विश्वास ठेवेना. मग पायातल्या वहाणा तिने दाराबाहेर काढल्या आणि आत गेली. साहेबांच्या रेक्झिनच्या बाकावर ती अगदी कडेला टेकली, मग थोडी मागे सरकली. हीटरसमोर दोन्ही तळवे धरले. हीटर चालूच होता. तो बंद करायचे आदेश कुणी दिले नव्हते. लाँच वळली. किनारा गाठायला अर्धा तास होता आणि समोरून वारा सुटला होता.

कुसुम दारात उभी होती. एक पाय आत, एक पाय बाहेर. तिचं डोकं अजून ठणकत होतं, पण शास्त्र जागेवर होतं. तिने हिशेब मांडला. हवेतलं प्रमाण गुणिले वेळ. दार उघडून बरीच हवा आत गेली आहे, त्यामुळे सुरुवात जवळजवळ शून्यापासून. माणूस एकच. अर्ध्या तासात कुणी मरत नाही. डोकं दुखेल, फार तर मळमळेल. आज काही होणार नाही. पुढच्या मंगळवारच्या आत एक टिपणी टाकता येईल. हिशेब बिनचूक होता. आपल्यापैकी कुणीही शिकलेल्या माणसाने तो असाच केला असता, आणि आपण करतोही.

गर्गे साहेबांनी मांडीवरच्या बॅगेवर हात ठेवला. बॅगेत कुसुमची फाइल होती.

“बाई, दार लावायचं आहे. ऊब जाते आहे. तुम्हाला ऐच्छिक आहे. पण आत की बाहेर, एकदाचं ठरवा.”

“या ना ताई,” आतून भागीबाई म्हणाली. “लय झ्याक वाटतंय. सायबांच्या बाकावर दोघींना जागा हाय.” कुसुम हलली नाही, तसं भागीबाईने खांद्यावरची शाल काढली, पुढे झुकून कुसुमच्या हातात दिली. “नाय तर ही घ्या. मला आता कशाला? बाहेर गारठाल तुम्ही.”

कुसुमने शाल घेतली. ती खांद्यांवरून पुढे ओढून नीट लपेटली, आतला पाय उचलून बाहेर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

“मी बाहेर बसते, साहेब. दार लावा.”